मशागतीचे भाग

'आर्केन' या ॲनिमेशन मालिकेचं दुसरं पर्व पाहून उठलो तेव्हा डोळे तृप्त होते आणि मन चिडलेलं होतं. नोव्हेंबर २०२४मध्ये तीन आठवड्यांत नऊ भाग आले. पॅरिसच्या फोर्टिश स्टुडिओने रंगवलेली प्रत्येक चौकट भिंतीवर लावावी अशी. पण केटलिनचं काय झालं? आईच्या मृत्यूने पेटलेली ही मुलगी खालच्या शहरात विषारी वायू सोडते, लष्करी सत्तेची धुरा हाती घेते. चौथ्या भागात मधले काही महिने उलटून गेलेले असतात आणि सहाव्या भागापर्यंत ती परत फिरलेलीही असते. तिला पहिली शंका कधी आली, कोणत्या रात्री तिचा डोळा लागला नाही, हे आपल्या वाट्याला आलंच नाही. अशा ठिकाणी ही मालिका गाणं लावते आणि देखणी चित्रं झपाझप सरकवते. पात्र बदलल्याची वर्दी मिळते. बदलताना ते कुणाला दिसत नाही.

हे दिसणंच तर या कलेत सगळ्यात अवघड. खरा नट पडद्यावर आपोआप थकतो, त्याचं वय चेहऱ्यावर उतरत राहतं. रेखाटलेल्या माणसाचे केससुद्धा आपोआप वाढत नाहीत. बार्ट सिम्पसन १९८९पासून दहाच वर्षांचा आहे, नोबिताचा अभ्यास होत नाही, छोटा भीमचे लाडू संपत नाहीत. त्यांनी बदलायचं नाही हेच ठरलेलं आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही. 'ड्रॅगन बॉल'च्या कुळातल्या मालिकांत वाढ म्हणजे ताकदीची वाढ. त्याही बाजूला ठेवू.

झुकोचे केस मात्र वाढतात. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'च्या (२००५ ते २००८) पहिल्या पर्वात त्याचं डोकं भादरलेलं आणि मागे राजपुत्राची शेंडी. दुसऱ्याच्या सुरुवातीला तो ती कापून टाकतो आणि मग भागागणिक खुरटे केस दाट होत जातात. ते कुणीतरी ठरवून वाढवलेले असतात. बापाने चेहरा भाजून हाकललेला हा मुलगा सुधारतो, हे सगळे सांगतात. तो कसा सुधारतो, हे पाहण्यासारखं आहे. बा सिंग से या शहरात तो आयरोकाकाबरोबर चहाच्या दुकानात राबतो. एका मुलीबरोबर अवघडून फिरायला जातो. अवतारच्या कैदेतल्या उडत्या प्राण्याला, ॲपाला, सोडून देतो आणि त्या एका चांगल्या कृत्याने तापाने फणफणतो. आता हा आपला झाला, असं वाटत असतानाच पर्वाच्या शेवटी तो काकाला दगा देऊन बहिणीच्या बाजूला जातो. ही घसरण हीच त्या लेखनाची थोरवी. माणूस सुधारायला निघाला की पहिल्यांदा तो मागेच जातो, हे मुलांच्या मालिकेने मुलांपासून लपवलं नाही.

याच जातीचं, पण याहून धाडसी काम मला 'विनलँड सागा'च्या दुसऱ्या पर्वात (२०२३) दिसलं. पहिल्या पर्वात सूडापायी माणसं कापत सुटलेला थॉरफिन इथे केटिलच्या शेतावर गुलाम आहे. जंगल तोडायचं, बुंधे उपटायचे, जमीन नांगरायची, गहू पेरायचा. भाग संपतात आणि कुणाचीही तलवार उपसली जात नाही. थॉरफिन बोलत नाही, डोळ्यांत काही नाही. सोबतचा गुलाम एनार, त्याच्याशी त्याची मैत्री कामातूनच जुळते. आणि जेव्हा शेतावरची माणसं या दोघांचा उगवलेला गहू उपटून टाकतात, तेव्हा ज्याने आधी कधी काही पेरलं नव्हतं त्याला पहिल्यांदा कळतं, उद्ध्वस्त होणं म्हणजे काय. त्यानंतर स्वप्नात त्याने मारलेली माणसं त्याला गाठतात. पुढे तो शंभर ठोसे उलटून हात न उचलता खातो आणि आपल्याला शत्रूच नाहीत म्हणतो. हे वाक्य पहिल्या पर्वात त्याच्या बापाने त्याला सांगितलं होतं. तेव्हा तो उपदेश होता. आता त्याला मातीचा वास आहे.

या पर्वाला चाहत्यांनी काय नाव ठेवलं? 'फार्मलँड सागा'. अनेकांनी प्रेमाने म्हटलं, अनेकांनी कंटाळून. माझा राग या कंटाळ्यावर आहे. चाहत्यांचं मोल मी कमी करत नाही; झुकोच्या एकेका नजरेवर त्यांनी जितकं बारकाईने लिहिलं तितकं आम्ही समीक्षकांनी लिहिलं नाही. पण त्यांच्यातच 'फिलर' हा शब्द माजला आहे. तो मुळात रास्त होता. 'नारुतो'सारख्या मालिकेत मूळ चित्रकथा पुढे सरकेपर्यंत स्टुडिओने स्वतःच्या कथा घालून वेळ काढला, त्या भागांना तो चपखल बसे. आता ज्या भागात मारामारी नाही, गौप्यस्फोट नाही, तो प्रत्येक भाग फिलर. कोणते भाग गाळावेत याच्या याद्या नव्या प्रेक्षकाच्या हाती आधीच पडतात.

या याद्यांच्या तराजूत 'अवतार'मधल्या 'टेल्स ऑफ बा सिंग से' या भागाचं काय होईल? त्यात कथानक जवळजवळ हलत नाही. त्यातल्या एका तुकड्यात एक म्हातारा दिवसभर अनोळखी माणसांना मदत करतो आणि संध्याकाळी टेकडीवर मेलेल्या मुलासाठी रडतो, एवढंच. आयरोला आवाज देणारे माको २००६मध्ये वारले; तो तुकडा त्यांना अर्पण केलेला आहे. याला जो भरताड म्हणेल त्याला कथा कळली असेल, माणूस कळलेला नाही.

शेतकरी मशागतीला फिलर म्हणत नाही. नांगरणीच्या दिवसांत दाखवण्यासारखं काही उगवत नाही, म्हणून ते दिवस कुणी गाळत नाही. स्टुडिओंनी भाग आखताना आणि चाहत्यांनी याद्या करताना एवढं भान ठेवावं, हे माझं मागणं आहे. पटत नसेल तर एक प्रयोग करा. चहाच्या दुकानाचे सगळे भाग वगळा आणि थेट अखेरच्या लढाईआधीच्या तंबूत जा. झुको माफी मागायला लागतो, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आयरो त्याला ओढून मिठीत घेतो. वगळून पाहणाऱ्याला तिथे काका पुतण्याला माफ करताना दिसेल. ज्याने दुकानातले दिवस पाहिलेत, त्याला कळेल की हा माणूस कधी रागावलेलाच नव्हता. तो वाट पाहत होता.