नाव झाकणारा पुठ्ठा

चित्तप्रसादच्या दुष्काळातल्या चित्रांवर आपल्यात फारसं कुणी बोलत नाही. कम्युनिस्टांचा माणूस म्हणून सोडून देतात. मी सोडणार नाही.

१९४३ साली बंगालात माणसं भुकेनं मेली. तीस लाखांपर्यंत आकडा सांगतात. तेव्हा हा मेदिनीपूर जिल्ह्यात फिरला. काळी शाई आणि कागद. समोरच्या माणसाचं चित्र काढायचं आणि पुष्कळदा त्याचं नाव, गावही टिपून ठेवायचं. त्याचं 'हंग्री बेंगॉल' हे पुस्तक निघालं, इंग्रज सरकारनं ५००० प्रती जप्त करून जाळल्या. घरच्यांनी बँकेत ठेवलेली एक प्रत वाचली. तिच्यावरून २०११ साली हुबेहूब आवृत्ती निघाली.

रेषा बघा. जाड, काळी, कुठंही लाड नाही. बरगडी म्हणजे बरगडी. पुष्कळदा मागं झाड नाही, आभाळ नाही, कोरा कागद. नजर पळवायला जागाच ठेवली नाही गड्यानं.

हा जन्मानं बामण, भट्टाचार्य. जात नको म्हणून आडनाव टाकलं, सही नुसती 'चित्तप्रसाद'. चांगलं केलं. पण टाकल्यावर काही जाईल असं आडनाव आधी असावं लागतं. आपण टाकलं तर लोक गाव विचारतात, मग गावातली आळी विचारतात. तरी एक मानलं पाहिजे. स्वतःचं आडनाव पुसणारा हा माणूस मरणाऱ्याचं नाव मात्र लिहून ठेवतो.

आता अशी चित्रं लिलावात जातात. पारखी सही बघतो, तारीख बघतो, कागद, डाग, चित्र कुणाच्या हातून कुणाकडे गेलं ते बघतो. बघावंच, नकली माल कमी नाही. पण फ्रेमच्या आतला पुठ्ठा जरा आत कापला की खालची नावाची ओळ झाकली जाते. मग यादीत काय येणार? 'भुकेला म्हातारा, शाई, कागद'. माझ्या मते त्या ओळीशिवाय केलेली पारख अर्धवट आहे, मग बोली कितीही चढो.

पिवळा पडलेला कागद पांढरा करायचाही मोह असतो. ब्लीचिंग खात्यात काम केलेल्याला हे सांगायला नको. ब्लीच नीट धुतलं नाही तर कापडाचा जीव जातो. कागदाचंही तेच. जुना चांगला कागद सुती चिंध्यांचा, तो टिकतो. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल धरतं, तो पिवळा पडतो, मग घडीवर तुटतो. फाटलेलं जोडायला जाणकार पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. उद्या चूक कळली तर ओल देऊन सोडवता येते. चिकटपट्टीचा डिंक कागदात मुरतो, तो निघता निघत नाही.

दोस्तहो, आपल्या वस्तीतही पोरांनी काढलेली बाबासाहेबांची, गेलेल्या कार्यकर्त्यांची पेन्सिल-चित्रं आहेत. ओल आलेल्या भिंतीला, उन्हात, चिकटपट्टीनं लावलेली. ती उतरवा, पट्टी ओढून काढू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको. सपाट ठेवा, मध्ये साधा सुती कागद घाला, वर्तमानपत्र नको. आणि मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीनं, न दाबता लिहा: चित्र कुणाचं, कुठला माणूस, कुणी काढलं, कधी. बॉलपेन वापराल तर शाई पुढच्या बाजूला उमटेल.