जाहिरातीतील अवतरण आणि यंत्राची साक्ष

फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या ‘मेगॅलोपोलिस’ या चित्रपटाचा ट्रेलर लायन्सगेट या वितरण संस्थेने २१ ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध केला आणि त्याच दिवशी मागे घेतला. अवतरणांवरच ज्यांचा व्यवसाय चालतो त्या आपण अभ्यासकांनी या प्रकरणाकडे अधिक बारकाईने पाहावयास हवे.

ट्रेलरचे प्रतिपादन असे की, कपोलांच्या श्रेष्ठ कृती समीक्षकांनी प्रथम झिडकारल्या होत्या. पुराव्यादाखल पॉलीन केल, रॉजर ईबर्ट प्रभृतींची कठोर वाक्ये पडद्यावर झळकली. ती त्या परीक्षणांत नव्हतीच. केल यांनी १९७२ मध्ये ‘द गॉडफादर’ची मनःपूर्वक प्रशंसा केली होती, ‘ड्रॅक्युला’विषयी म्हणून दिलेले ईबर्ट यांचे शब्द १९८९ च्या ‘बॅटमॅन’वरील परीक्षणातले निघाले. ही वाक्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने पुरविली आणि कोणी पडताळली नाहीत, असे वृत्त ‘व्हरायटी’ने दिले. संस्थेने जाहीर क्षमा मागितली.

२००१ मध्ये उघडकीस आलेल्या सोनीच्या प्रकरणात जाहिरात विभागाने डेव्हिड मॅनिंग नावाचा समीक्षकच कल्पिला होता. तेथे असत्याला कर्ता होता. येथे फसविण्याचा हेतू कोणाचाच नव्हता असे मानले, तरी असत्य पडद्यावर आलेच. आणि प्रस्तुत लेखकास हेच अधिक गंभीर वाटते. भाषेचे हे यंत्र ग्रंथसूची चाळत नाही, संभाव्य शब्दांची जुळणी करते. त्याच्याकडे प्रतिकूल मते मागितली की प्रतिकूल मते मिळतात. विपणन विभागाचा प्रश्न तर बहुधा उत्तर ठरवूनच विचारलेला असतो. मग हवे तेच वाक्य हाती आल्यावर संशय यावा कोणाला?

यावर ‘मानवी देखरेख’ हा उपाय सर्रास सुचविला जातो. तो अपुरा आहे. संमतीची सही करणारा जाहिरात परिणामकारक आहे की नाही एवढेच पाहतो, मूळ अंक उघडीत नाही. ‘व्हल्चर’चे बिल्गे एबिरी यांनी मूळ परीक्षणे पाहिली आणि बिंग फुटले, तेवढेच काम प्रसिद्धीपूर्वी करावयाचे होते. प्रत्येक अवतरणासोबत नियतकालिक, अंक, पृष्ठ आणि ते प्रत्यक्ष वाचणाऱ्याचे नाव असलेली चिठ्ठी हवी, आणि हा वाचणारा मजकूर जुळविणाऱ्याहून वेगळा हवा. यंत्रावर सरसकट बंदी घालणे मात्र निरुपयोगी. कर्मचारी ते आपल्या खासगी खात्यावरून चोरून वापरतील आणि मग अशी चिठ्ठी मागण्याचीही सोय उरणार नाही.