वाळूच्या पिशवीखालचा सूर

संगीतरचनेला काळाचे बंधन असते, हे आपण इतके गृहीत धरून चाललेले असतो की, ते कोणी झुगारून दिले म्हणजे आपल्याला प्रथम हसूच येते. जर्मनीतील हाल्बरश्टाट या गावी सेंट बुर्खार्डी नावाच्या जुन्या चर्चमध्ये ५ सप्टेंबर २००१ रोजी जॉन केज या अमेरिकन संगीतकाराच्या एका रचनेचे वादन सुरू झाले. ते संपायचे आहे २६४० साली! हा निव्वळ विक्षिप्तपणा आहे, असे म्हणून विषय मिटवणे सोपे आहे. तथापि तसे केल्याने मूळ प्रश्न मिटत नाही.

केजने ही रचना १९८५ साली पियानोसाठी केली आणि १९८७ साली ऑर्गनसाठी. ती शक्य तितकी संथ वाजवावी, एवढीच त्याची सूचना. पियानोवर हे ‘शक्य’ तारेनेच ठरते, कारण छेडलेला सूर विरत जातो. ऑर्गनचा सूर विरत नाही. भात्यात हवा असेतोवर तो टिकतो. म्हणजे वाद्य बदलताच संथपणाची आतली मर्यादा नाहीशी झाली आणि ती बाहेरून आणणे भाग पडले. केज १९९२ साली वारला. १९९७ साली ट्रॉसिंगेन येथे जमलेल्या जाणकारांत या सूचनेची चर्चा झाली आणि त्यातून पुढे हा प्रकल्प उभा राहिला. हाल्बरश्टाटच्या कॅथीड्रलमध्ये १३६१ साली एक मोठा ऑर्गन उभारला गेला होता. तेव्हापासून २००० सालापर्यंतची ६३९ वर्षे, तेवढीच पुढची! हे गणित गावाच्या इतिहासाचे आहे, रचनेच्या लयीचे नव्हे. माझा पहिला आक्षेप येथेच आहे.

परंतु या वास्तूत प्रत्यक्ष काय घडते, तेही पाहिले पाहिजे. हे चर्च अकराव्या शतकातले. १८१० साली तेथील जोगिणींचा मठ बंद झाला आणि पुढे त्याच भिंतींत धान्याचे कोठार, दारूची भट्टी, डुकरांचा गोठा असे सारे नांदून गेले. आता तेथे एक लहानसा ऑर्गन आहे. रचनेला लागतील तशा त्याच्या नळ्या बसवतात. भाते विजेवर चालतात. पट्ट्या वाळूच्या पिशव्यांनी दाबून धरलेल्या असतात. रचनेचा आरंभच विरामाने होतो. म्हणून पहिले सतरा महिने फक्त हवेचा आवाज होता आणि पहिला सूर उमटला तो ५ फेब्रुवारी २००३ रोजी. पुढे ऑक्टोबर २०१३ पासून सप्टेंबर २०२० पर्यंत एकच स्वरसंघात चालू राहिला.

अखंड सूर बंद वास्तूत सर्वत्र सारखा ऐकू येत नाही. भिंतींवरून परतलेल्या लहरी कोठे एकमेकींना उचलून धरतात, कोठे मारतात. चार पावले चालले की स्वरसंघाताचा तोल बदलतो. येथे सूर स्थिर असतो आणि श्रोता फिरतो. काळात उलगडणारी कला जागेत उलगडू लागते. या प्रयोगाचे खरे यश मला यात दिसते.

मग खटकते काय? ती वाळूची पिशवी. आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाटे तीनच्या पाळीला ज्याने ती घेतली, त्याला झोप आवरावीच लागते. ती अखंडता माणसाच्या अंगावर पेललेली असते. पिशवीला झोप येत नाही. म्हणून तिने धरलेल्या सुराला श्रमाचा स्पर्शही नाही.

अर्थात श्रम नाहीत असे नाही; ते वादनातून निघून राखणीत गेले आहेत. मागच्या ६३९ वर्षांत या गावाने धर्मसुधारणा पाहिली, तीस वर्षांचे युद्ध पाहिले. एप्रिल १९४५ च्या बाँबहल्ल्यात तर ते बहुतांश उद्ध्वस्त झाले. अशा गावात कोणी तरी २६४० पर्यंतचा शब्द देतो, त्यासाठी पैसा उभारतो, ठरल्या दिवशी पिशवी हलवायला हजर राहतो! येथे वीणेची पाळी पिढ्यांची आहे.

म्हणून रचनेचे वादन आणि गावाचे व्रत या दोन गोष्टी निरनिराळ्या तोलल्या पाहिजेत. वादन म्हणून मला हा प्रयोग अपुरा वाटतो, कारण त्याचा घाट कोणाही एका माणसाच्या कानात कधीच पुरा होणार नाही. व्रत म्हणून मात्र त्याच्यापुढे मान लववावी लागते. हे वादन चुकीच्या सुराने मोडणार नाही. ठरलेला दिवस कोणी विसरले, तरच मोडेल.