मुलांची संसद आणि मोठ्यांची खुर्ची

आज आपण एका मुलांच्या कादंबरीबद्दल बोलणार आहोत. लेखक पोलंडचे डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक, कादंबरी ‘राजा माच्युश पहिला’, काळ १९२० च्या दशकाची सुरुवात.

कथा थोडक्यात अशी. वडील वारतात आणि लहानगा माच्युश गादीवर येतो. तो मोठ्यांच्या संसदेच्या जोडीला मुलांचीही संसद भरवतो. तिथे ठरतं काय, तर मोठ्यांनी शाळेत जायचं आणि त्यांची कामं मुलांनी करायची. मग कारभाराचा बोजवारा उडतो, शेजारचे राजे चालून येतात, आणि माच्युशची रवानगी निर्जन बेटावर होते.

हे ऐकून कोणीही म्हणेल, ‘बघा, पोरांच्या हाती कारभार दिला की असंच होणार!’ आम्हाला हे वाचन मान्य नाही. का, ते सांगतो.

कोर्चाक वॉर्सात एक अनाथालय चालवत. तिथे मुलांचं न्यायालय होतं. न्यायाधीश मुलंच, आणि त्यांच्यासमोर शिक्षकावरही खटला भरता येई. सहा महिन्यांत कोर्चाकांनी स्वतःवरच पाच खटले भरले. त्यातला एक मुलाच्या कानाखाली मारल्याबद्दल. आता ज्या माणसाने हे प्रत्यक्षात चालवलं, तो कादंबरीत ‘मुलं नालायक असतात’ असं कशाला सांगेल?

फरक बारकाईने पाहू. कादंबरीत मुलांना मिळते ती मोठ्यांची खुर्ची, तीही राजाच्या मेहेरबानीने. तिथे कोणी कोणाला उत्तर देत नाही. अनाथालयात मुलांना खुर्ची मिळाली नाही. त्यांना मिळाला जाब विचारण्याचा हक्क, आणि उत्तर देण्याची जबाबदारीही. आवाज असणं म्हणजे हेच, असं आम्ही समजतो.

कादंबरीत उणिवा आहेतच. आफ्रिकेतली माणसं त्यात नरभक्षक म्हणून येतात, ते आज वाचवत नाही. मुलांसाठी एवढा कान देणाऱ्या लेखकाने तिथे ऐकी-सांगीवर भागवलं. दुसरा आक्षेप असा की शंभरेक मुलांच्या घरात जे जमलं, ते राज्यात कसं जमणार? आक्षेप रास्त आहे. पण म्हणून जिथे जमतं तिथेही करायचं नाही, असं होत नाही ना?

१९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं की मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडता यावं, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन दिलं जावं. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. गोम आहे ती ‘वजन’ या शब्दात. कारण तराजू धरणारा मोठाच!

आपल्याकडे शाळांतून मंत्रिमंडळं असतात. मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, शपथविधी, सगळं साग्रसंगीत. आम्ही एका शाळेत पाहुणे म्हणून गेलो होतो. सहावीतल्या स्वच्छतामंत्रीण बाईंनी आपली वही दाखवली. ‘मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही’ असं तीन बैठकांत लिहिलेलं. आम्ही विचारलं, ‘मग काय उत्तर आलं?’ ती म्हणाली, ‘सर, उत्तर कुठे लिहायचं? तो रकानाच नाही.’

आम्ही चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण प्रश्न इतका नेमका क्वचित ऐकला. मिल यांनी १८५९ मध्ये स्वातंत्र्याचा सिद्धान्त मांडला तेव्हा मुलांना त्यातून सरळ वगळलं, कारण त्यांची समज पक्व नसते. असेल. पण कडी नाही हे कळायला किती पक्वता लागते?

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. मुलांना मंत्रिपदं द्यायची तर द्या. त्याआधी त्या वहीत एक रकाना आखा, आणि तो मोठ्यांनी भरायचा, सहीनिशी, ठरल्या मुदतीत. ‘नाही’ म्हणायचं असेल तर कारणासकट ‘नाही’ लिहा. माच्युशच्या राज्यात नेमकं हेच राहून गेलं होतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. सभागृहात मुलं असतील तर आधी त्यांचे.