जाणीव, नेणीव आणि धुनउगम राग

कलानिर्मितीचा विचार करताना आपली टीका बहुधा दोन टोकांपैकी एकाला जाऊन बसते. एक पक्ष म्हणतो, निर्मिती ही स्फूर्ती होय. ती नेणिवेच्या डोहातून आपोआप वर येते. दुसरा म्हणतो, ते कसब होय. अभ्यासाने साध्य होते. या वादात माळव्याला बोलण्याचा विशेष अधिकार आहे. धारच्या भोजराजाने अकराव्या शतकात रसाचे मूळ अहंकारात शोधले आणि तो अहंकार जन्मांतरीच्या अनुभवांनी घडलेल्या वासनेतून उद्भवतो, असे मानले. आपण जिला नेणीव म्हणतो तिच्या जवळ जाणारीच ही कल्पना आहे. परंतु दोष, गुण व अलंकार यांची बारीक वर्गवारी करताना हाच भोज थकत नाही. रस वासनेतून उगवतो असे मानणाऱ्यालाही शास्त्र अनावश्यक वाटले नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याच माळव्यातील देवासला 1948 साली कुमार गंधर्व क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत आले. गाण्यास मनाई झाली. उरले ते केवळ ऐकणे. रस्त्याने जाणाऱ्यांची, सणासुदीला जमणाऱ्या बायकांची माळवी गाणी कानांवर पडत राहिली. पुढे प्रकृती सुधारल्यावर लोकधुनांतून उगवलेले मालवती, संजारी, लगनगंधार यांसारखे राग त्यांनी गायिले. अंथरुणावर ऐकलेल्या धुना मनात मुरल्या व राग होऊन प्रकटल्या, अशी कथा त्यावरून रूढ झाली. कथा सुंदर आहे. पण ती अर्धीच खरी आहे.

तीच गाणी माळव्यात असंख्य लोक पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आले होते. त्यांतून राग निघाले ते एकाच्याच मनात. कारण ते मन कोरे नव्हते. बालपणी थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गळ्यातून उतरविणाऱ्या या मुलाला मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे डोळस शिक्षण लाभले. जे आधी केवळ कानाने घेतले होते, ते आता बुद्धीने पारखले गेले. देवासला जी नेणीव काम करीत होती, ती अशी नांगरलेली जमीन होती.

आणि धुन म्हणजे राग नव्हे. धुन एका ओळीत पुरी होते. रागाला विस्तार सोसावा लागतो. मोजक्या स्वरांत फिरणाऱ्या धुनेतील विश्रांतीचा स्वर कोणता, परतीची वाट कोणती, हे निश्चित करणे जाणिवेचेच काम होय. 1965 साली 'अनूपरागविलास' स्वरलिपीसह प्रसिद्ध करून कुमारांनी आपली निर्मिती इतरांच्या परीक्षेसाठी उघडी ठेवली. फ्रेंच गणिती पॉइन्कारे याला घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताच एका प्रश्नाचा उलगडा झाला. तरीही अशा अबोध कार्यापूर्वी आणि नंतर जाणीवपूर्वक श्रम हवेतच, असे त्यानेच 1908 साली आवर्जून सांगितले.

यावर एक आक्षेप संभवतो. जुन्या रागांना इतरांच्या कंठात जे स्थान आहे, ते या रागांना लाभलेले नाही. आक्षेप रास्त आहे. पण त्याने आपला मुद्दा बळावतोच. स्वरलिपी दुसऱ्याच्या हाती देता येते. तिच्यामागचे ऐकणे देता येत नाही. ज्याने त्याने ते स्वतःच ऐकावे लागते.

आम्हां शिक्षकांना यात बोध आहे. कालपर्यंत आपण पाठांतरालाच विद्या समजत होतो. आज पाठांतराची थट्टा करून मुलाच्या स्फूर्तीची वाट पाहतो. दोन्ही चुका एकाच अज्ञानातून होतात. पाठ केलेली कविता मनाच्या तळाशी जाऊन बसते, हे खरे. पण ती वर येईल तेव्हा तिला ओळखणारी आणि पारखणारी बुद्धीही आपणच घडवावयाची असते. बी पेरून शेताकडे न फिरकणारा आणि पेरल्यावाचून कापणीस जाणारा, दोघांच्याही कणगीत दाणा पडत नाही.