उंबरखिंडीची उतरण

गतकाळच्या पराक्रमाचें स्मरण कसें करावें, या प्रश्नाचें उत्तर नॉर्वे देशानें पायांनीं दिलें आहे. इ. स. 1206 च्या हिंवाळ्यांत, तेथील यादवीच्या धामधुमींत, हाकोन नांवाच्या दीड-दोन वर्षांच्या राजपुत्रास शत्रूपासून वांचविण्यासाठीं दोन योद्ध्यांनीं पायांना लांकडी पट्ट्या बांधून, मूल उराशीं धरून, बर्फानें भरलेला डोंगर ओलांडला. त्यांच्या पक्षाचे लोक इतके दरिद्री कीं जोड्यांच्या जागीं भूर्जाची साल पायांना गुंडाळीत; म्हणून त्यांस 'बिर्केबाइनर' म्हणजे भूर्जपाद म्हणत. त्यांच्या स्मरणार्थ 1932 सालीं बर्फावरील शर्यत सुरू झाली. आज ती रेना ते लिलेहामर अशी 54 किलोमीटरांची असून प्रत्येक स्पर्धकाच्या पाठीवर निदान साडेतीन किलोंचें ओझें असावेंच लागतें. तें ओझें म्हणजे तें मूल. दोन वर्षांचें मूल साडेतीन किलोंचें कसें, अशी शंका आमच्या घरच्या स्त्रीवर्गानें तत्काळ काढली, आणि ती रास्तच आहे! याच प्रसंगावर क्नुद बर्गस्लिएन या चित्रकाराचें 1869 सालचें प्रसिद्ध चित्र आहे. चित्र उत्तम आहे. पण त्यांत मूल जड वाटत नाहीं. शर्यतींत, वजन कमी असूनही, तें जड वाटतें.

आमच्याकडे बर्फ नाहीं, पण डोंगर आहे आणि प्रसंगही आहे. कर्जतच्या स्टेशनावर पुष्कळ गाड्यांना मागून एंजिनें लागतात. तोंवर वडा खावा आणि पुढें घाट लागला म्हणजे खिडकींतून दऱ्या पाहाव्या, एवढाच बहुतेकांचा या मुलखाशीं संबंध. मोटारीनें जाणाऱ्यांस तर खालापूर म्हणजे केवळ टोलनाका. त्याच खालापूर तालुक्यांत चावणी गांवाजवळ उंबरखिंड आहे. 1661 च्या फेब्रुवारीच्या आरंभीं शायिस्तेखानानें पाठविलेला उझबेक सरदार कारतलबखान लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या घाटानें कोंकणांत उतरूं लागला आणि शिवाजी महाराजांनीं त्यास या खिंडींत कोंडलें.

या प्रसंगाचें सविस्तर वर्णन कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यांत आहे. काव्य म्हणून त्यांत दोष पुष्कळ आहेत. वीरांचीं लांबलचक भाषणें, ठराविक उपमा, नांवांच्या याद्या यांनीं वाचक थकतो. परंतु उंबरखिंडीच्या प्रकरणीं कवीनें एक मोठी गोष्ट साधली आहे. तो विजेत्याबरोबर डोंगरावर दबा धरून बसत नाहीं. शत्रूच्या सैन्याबरोबर खालीं उतरतो. नळीसारखी अरुंद वाट आणि तींत रेटलें जाणारें सैन्य आपणांस त्या सैन्याच्या मधून दिसतें. आणि या प्रसंगांतील सर्वांत शहाणें बोलणें कवीनें कोणा मावळ्याच्या मुखीं न घालतां, खानाबरोबर आलेल्या रायबागनच्या मुखीं घातलें आहे. सैन्य या अरण्यांत आणलें हीच चूक, आतां शरण जावें, हें ती त्याच्या तोंडावर सांगते. आपल्या आश्रयदात्याचा विजय गाणाऱ्या कवीनें विवेकाचे शब्द शत्रुपक्षाच्या स्त्रीस द्यावे, यांत त्याच्या कवित्वाची खरी परीक्षा आहे असें आम्हांस वाटतें. सभांतून व पोवाड्यांच्या थाटाच्या लेखांतून हा प्रसंग आम्ही अनेकदां ऐकला. त्यांत रायबागन आली तरी खानास हिणवण्यापुरती.

हें आम्हांस पुस्तकांत दिसलें नव्हतें, वाटेवर दिसलें. मागें एका माघांत आम्ही कुरवंड्याहून चावणीस उतरलों. बरोबर बारा वर्षांचा भाचा होता. माथ्यावर त्याच्या घोषणांनीं दरी दुमदुमत होती. पुढें पायांखालचे गोटे सरकूं लागले, ओढे कोरडे निघाले, बाटलींतलें पाणी तळास गेलें. दोन्ही बाजूंच्या झाडींत पंचवीस हातांपलीकडचें दिसेना. तेव्हां तो थांबून म्हणाला, "मामा, आपण खानाच्या वाटेनें चाललों आहों, नाहीं का?" त्यानंतर त्यानें घोषणा दिली नाहीं. आम्हीही कांहीं बोललों नाहीं. खालीं विजयाचें स्मारक आहे. तेथें पोंचल्यावर त्यानें पहिल्यानें विचारलें तें, येथें पाणी कोठें मिळेल!

या वाटेवर शर्यत भरवावी असें कोणी सुचविलें, तर आमचा विरोध नाहीं. सह्याद्रींत अशा शर्यती आतां होतातही. मात्र नॉर्वेचें अनुकरण करतांना ओझ्याचा विचार निराळा करावा लागेल. तेथें ओझें शेवटपर्यंत न्यावयाचें, कारण मूल सुखरूप पोंचलें. येथें खानानें शरण जाऊन खंडणी दिली, बरोबरचें धन व सामान खिंडींत टाकलें, आणि महाराजांनीं त्या सैन्यास जीवंत जाऊं दिलें. तेव्हां स्पर्धकांनीं भरलेली पाठपिशवी घेऊन कुरवंड्याहून निघावें, ती उंबरखिंडींत उतरवून ठेवावी, आणि पुढचा पल्ला रिकाम्या पाठीनें धांवावा. शर्यत माघांतच ठेवावी. पावसाळ्यांत वाटेवर जागोजाग पाणी असतें, आणि मग तहान कळावयाची नाहीं.