खंय गावली? : आंबोलीच्या मॅक्रो फोटोंबद्दल थोडंसं

पावसाळा लागला की आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर आंबोलीचे फोटो यायला लागतात. धबधब्यांचे असतातच, पण आता अळंबी, बेडूक, कोळी यांचे मॅक्रो फोटोही भरपूर येतात. आम्हाला ते आवडतात, हे आधीच सांगतो. तरी एक तक्रार आहे, ती आज मांडायची आहे.

मॅक्रोची मूळ अडचण तांत्रिक आहे. वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची, म्हणजे १:१ उमटवायची, तर एफ/११ ठेवूनही जेमतेम मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. त्यात दाट झाडीत उजेड कमी. मग फ्लॅश मारायचा. तो मागे पोचत नाही, म्हणून पार्श्वभूमी काळी होते. हा आधी नाइलाज होता, आता त्याची शैली झाली आहे. काळ्या मखमलीवर मांडलेला दागिना जसा!

पण आपल्या सिंधुदुर्गात कुणाला अळमी दाखवून बघा. पहिला प्रश्न येतो, ‘खंय गावली?’ वारुळावर, की कुजक्या ओंडक्यावर, की शेणावर? खायची की टाकायची, हे ठरवताना ती जागा आधी बघितली जाते. वारुळावरची अळमी घ्या. वाळवी आत बुरशीची शेती करते आणि त्या शेतातून लांब मुळासारखा देठ वर येतो. फोटोत नुसती छत्री दिसली, तर अर्धी गोष्ट जमिनीतच राहिली.

चमकणाऱ्या बुरशीचं तेच. काही जातींत उजेड छत्रीतून नव्हे, लाकडात पसरलेल्या तंतूंतून येतो. कॅमेऱ्याचं शटर तीस सेकंद किंवा जास्त उघडं ठेवलं की तो झगझगीत हिरवा उमटतो. डोळ्यांना मात्र फिकट, धुरकट दिसतो. फोटो खोटा नाही, पण किती वेळ शटर उघडं होतं ते खाली लिहायला काय हरकत आहे? नाहीतर माणसं टॉर्च घेऊन ‘तसलं’ जंगल शोधत फिरतात, आणि पायाखाली तेच ओंडके तुडवतात.

आता आमच्याच म्हणण्यावरचा आक्षेप. जागा दाखवा म्हटलं, तर गर्दी तिथेच जाईल ना? खरं आहे. २००९ मध्ये ज्याचा वेगळा वंश म्हणून अभ्यास प्रसिद्ध झाला, तो आंबोली टोड जगात आंबोली आणि आसपासच्या भागातच सापडतो. तो अतिसंकटग्रस्त आहे. सड्यावरच्या उथळ पाण्यात त्याची वीण होते. त्याला उचलून हिरव्यागार शेवाळावर बसवलेला फोटो सुंदर दिसेल, पण तो त्याच्या घराबद्दल चुकीची माहिती देतो. शिवाय हाताळल्याचा त्रास त्या जिवाला होतो तो वेगळाच.

म्हणून आम्ही जागा आणि पत्ता यांत फरक करतो. नकाशावरचा बिंदू देऊ नका. कातळ, पाणी, ओंडका, वारूळ मात्र फ्रेममध्ये येऊ द्या. जवळून एक फोटो काढलात, तर दोन पावलं मागे येऊन आणखी एक काढा, आणि दोन्ही शेजारी ठेवा. पुढच्या वेळी असा फोटो आला, तर लाईक करण्याआधी आपणही विचारूया : खंय गावली?